फेन म्हणजे पाणी

रस्त्याकडेच्या दोन एकराला दहा लाख येत होते आणि संस्थेला बारा लाख द्यायचे होते. हे गणित २०१२ च्या दिवाळीआधी एका रात्री आमच्या ओसरीवर मांडलं गेलं. लाइट गेलेली होती. मधे चार्जिंगची बॅटरी, भोवती अण्णा, थोरला भाऊ, चुलते आणि मी. आई चुलीपुढं. भाऊ म्हणाला, "वरचे दोन लाख मी बघतो. एकदा का मास्तर झाला की पाच-सात वर्सात फिटतंय." चुलते म्हणाले, "आता बाराला मिळलालीय, पुढच्या वर्षी पंधरा म्हंतील." अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इकू. लेकरू मार्गी लागत आसंल तर जिमीन ठिवून काय करायचंय?"

मी नको म्हणालो. लोकांनी नंतर याला स्वाभिमान वगैरे म्हटलं, पण खरं सांगायचं तर ती भीती होती. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, राज्यभर पटपडताळणी झाली होती. कागदावरची पोरं वर्गात सापडली नाहीत, तुकड्या बुडाल्या, मास्तर अतिरिक्त ठरले. मग २ मे २०१२ चा तो आदेश आला आणि नव्या नेमणुकांना मान्यता मिळणं अडलं. माझ्याबरोबर बी.एड. केलेले दोघं पैसे भरून लागले होते. रोज शाळेत जात, हजेरीवर सही करत, आणि पगार मात्र नाही. मान्यता आली की फरकासकट मिळेल, असं त्यांना सांगितलेलं. एकानं शेत विकलं होतं, दुसऱ्यानं सासऱ्याकडून घेतले होते. दोघांची तोंडं मी रोज बघत होतो.

मी स्वतः तरी काय करत होतो? सकाळी एका विनाअनुदानित शाळेत महिना दोन हजारांवर, दुपारी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. तासिकेचे पैसे वर्ष संपल्यावर कधीतरी मिळायचे. एम.ए. इंग्रजी, बी.एड., वय अठ्ठावीस. गावात मला सगळे 'सर' म्हणायचे. किराणा दुकानदारही सरच म्हणायचा आणि मग वही पुढं करायचा.

इंग्रजी मी पाचवीत शिकायला लागलो, तेव्हा ती पाचवीपासूनच असायची. पण माझ्या कानावर ती त्याआधी पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपली होती. लोहारा तेव्हा उमरगा तालुक्यात. सास्तूरकडं तर गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. त्यानंतर कितीतरी महिने बाहेरची माणसं येत राहिली. डॉक्टर, पत्रकार, गोरे लोक. पत्र्याच्या शेडसमोर एक गोरी बाई दुभाष्याशी बोलायची आणि दुभाष्या आमच्या चुलतीला विचारायचा. चुलती दहा मिनिटं रडून सांगायची, तो दोन वाक्यांत उरकायचा. मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटायचं, हा माणूस काहीतरी खातोय मधल्या मधे. आपल्याला ती भाषा यायला पाहिजे म्हणजे चुलतीचं सगळं सांगता येईल. एवढंच. पुढं शेक्सपिअर, वर्ड्सवर्थ झालं. पण मूळ तिथं आहे.

तर त्या रात्री मी नको म्हणालो आणि भाऊ माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

बाहेर देशी शिकवायला जाता येतं हे मला ठाऊक होतं, पण आपण जाऊ शकतो हे ठाऊक नव्हतं. उमरग्याच्या नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी जाहिराती बघायला लागलो. पहिल्या महिन्यातच कळलं की इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात इंग्रजी येण्याआधी पासपोर्टचा रंग विचारतात. कोरियात सात देशांचे नागरिक पाहिजेत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. थायलंडच्या जाहिरातींत तर सरळ लिहिलेलं, मातृभाषा इंग्रजी असणारेच. एम.ए. नको, बी.एड. नको, कुठल्याही विषयाची पदवी चालेल. पण जन्म तिकडं पाहिजे. आखातातल्या भारतीय शाळांना आपली माणसं चालत, पण त्यांना सीबीएसईचा अनुभव हवा. माझा अनुभव कसला, तर पंच्याऐंशी पोरांच्या वर्गात खडूचे तुकडे पुरवून पुरवून वापरण्याचा. मी चाळीसेक अर्ज पाठवले. उत्तरं तीन आली. त्यातली दोन पैसे मागणारी.

मालदीवचं नाव सुचवलं ते बी.एड.च्या एका दोस्तानं. गुलबर्ग्याकडचा तो. त्याचा मेव्हणा तिथं गणित शिकवत होता. म्हणाला, "तिकडं सगळे विषय इंग्रजीतनं, धर्म आन् त्यांची भाषा सोडून. लोकसंख्या थोडी, मास्तर पुरत नाहीत, आपल्याकडनं नेतात. पण केरळ, तमिळनाडूवाले रांगेत असतात, बघ." मुलाखत हैदराबादला, एका एजंटाच्या ऑफिसात.

पहाटेच्या गाडीनं उमरगा, तिथून हैदराबाद. बाहेर बाकड्यांवर साठ-सत्तर जण. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुली इतकं सरसर इंग्रजी बोलत होत्या की मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि जिन्यात उभा राहिलो. परत जावं असं खरंच वाटलं. भाड्याचे पैसे आठवले म्हणून थांबलो.

आत तिघं होते. त्यातला एक मालदीवचा. पाच मिनिटांचा पाठ घ्या म्हणाला. विषय: ज्या मुलाला इंग्रजीची भीती वाटते त्याला एक काळ शिकवा. मी काय करणार, मी तेच करत आलो होतो. टेबलावरचा पेपरवेट उचलला, खाली ठेवला, आता ठेवला, मघाशी ठेवला, ठेवून झालेला आहे, असं हातानं करून दाखवत गेलो. मालदीवचा माणूस हसला. मग त्यानं विचारलं, "लांबच्या बेटावर जाल? राजधानीत नाही. वस्ती सहाशेच्या आसपास. दवाखाना लहान, बाजार नाही." माझ्याआधीच्या बऱ्याच जणांनी तिथंच मान हलवली होती, हे मला मागून कळलं. मी म्हणालो, "सर, आमच्या गावच्या मानानं ही एक गल्ली झाली. जातो."

मला निवडलं ते माझ्या इंग्रजीसाठी की त्या होकारासाठी, हे अजून मला सांगता येत नाही. बहुतेक दुसऱ्यासाठी.

कागदांचं प्रकरण आठ महिने चाललं. पासपोर्टसाठी पुण्याला मुंढव्यात दोन खेटे. पदव्यांवर शिक्के मारायला मुंबई. पोलिसांचा दाखला. एजंटाचे साठ हजार, त्यासाठी म्हैस आणि तिची पारडी गेली. आई म्हैस नेताना दारात आली नाही. त्याच धामधुमीत १५ डिसेंबर २०१३ ला राज्याची पहिली टीईटी झाली. तीही दिली, म्हटलं दोर कापू नये. चार मार्कांनी गेलो. निकाल हातात पडला तेव्हा मी बेटावर पोरांना शिकवत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी चुलत्यांनी शेवटचा घोळ घातला. इतक्या लांब, पाण्यातल्या देशात, परक्या धर्मात, कशाला? अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वरच्या आवाजात उत्तर दिलं. "हिप्परग्याला स्वामीजी कुटून आल्ते? मास्तराला काय गाव आसतंय का?" आमच्या तालुक्यातल्या हिप्परगा रवा इथं निजामाच्या काळात राष्ट्रीय शाळा होती. सगळीकडं उर्दूतून शिक्षण चालू असताना तिथं मराठीतून शिकवत. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिक्षक होते, ते मूळचे विजापूरकडचे. माझी तुलना तिथं नेऊन ठेवायची म्हणजे अण्णांचं धाडसच. पण चुलते गप्प बसले.

सोलापूरहून जयंती जनता एक्स्प्रेस. दोन रात्री काढून तिरुवनंतपुरम, तिथून विमान. गाडीत एक मल्याळी शिक्षक भेटले, दुसऱ्यांदा चाललेले. आईनं दिलेला तुळजाभवानीचा लहान टाक माझ्या बॅगेत होता. ते म्हणाले, पूजेची मूर्ती तिथं नेता येत नाही, विमानतळावर अडवतात, तिथला कायदाच तसा. मी तो टाक तिरुवनंतपुरमहून पोस्टानं घरी परत पाठवला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. देवी हितंच बरी हाय, माझ्यापशी." आणि फोन ठेवला.

त्या मल्याळी सरांचे वडील इथिओपियात भूगोल शिकवून आले होते, सम्राट हैले सेलासीच्या राजवटीत. त्यांच्या घरात बाहेर जाऊन मास्तरकी करणं दुसऱ्या पिढीत आलेलं. कुठला कागद आधी, कुठला मागून, पगारातनं काय कापतात, हे त्यांना बापाकडनं मिळालेलं. मी प्रत्येक गोष्टीला ठेच लागून शिकत होतो.

मालेचं विमानतळच वेगळ्या बेटावर. तेव्हा पूल नव्हता, तो २०१८ मध्ये झाला; विमानातनं उतरून थेट बोटीत बसायचं. आमचं बेट उत्तरेकडच्या शवियानी अटोलमध्ये. रात्री निघालेली बोट दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. मी वाटभर ओकत होतो. मांजरा नि तेरणा एवढंच पाणी बघितलेला माणूस. धक्क्यावर हेडमास्तर आणि चार-पाच पोरं घ्यायला आली होती. एक पोरगं पुढं आलं आणि चक्क हिंदीत म्हणालं, "सर, आप शाहरुख खान को जानते हो?"

इंग्रजी शिकवायला मी समुद्र ओलांडून आलो आणि पोरांना माझ्याकडनं हिंदी हवी होती. टीव्हीवरच्या मालिका बघून त्यांची हिंदी माझ्याहून गोड झालेली. पहिले पंधरा दिवस वर्गात इंग्रजी बोलणारा मी एकटाच.

मग मी उलटं सुरू केलं. त्यांची भाषा मी त्यांच्याकडनं शिकायला लागलो. दिवेही लिहितात उजवीकडनं डावीकडं, अक्षरं आपल्या बापजन्मात न बघितलेली. पण बोलायला लागले की कानाला ओळखीचं काही लागायचं. एके, दे, तिने, हतरे, फहे. हे आपलेच आकडे की! पाचाचा प तिकडं फ झालेला. एक दिवस एका पोरीनं बाटली पुढं केली, "फेन, सर." पाणी. इथंही प चा फ. मी फळ्यावर देवनागरीत 'पाणी' लिहिलं, त्यांनी शेजारी 'फेन' लिहिलं, खाली मी इंग्रजी शब्द लिहिला आणि म्हणालो, या तिसऱ्यासमोर तुम्ही आणि मी सारखेच परके आहोत. माझ्या गावात हा शब्द मी दहाव्या वर्षी शिकलो. तुम्ही माझ्या पुढं आहात. तेव्हापासून वर्ग जरा हलला.

घराघरांपुढं लोखंडी चौकटीला जाळी बांधून केलेल्या खुर्च्या असतात. त्यांना 'जोली' म्हणतात. मला ती आपली झोळीच वाटली. संध्याकाळी तिच्यात बसून पोरांचे बाप, मासेमारीहून आलेले, माझी चौकशी करत. तुमच्याकडं मासा कुठला? म्हटलं, मासा नाही, तूर, सोयाबीन, हरभरा. समुद्र किती लांब? म्हटलं, एक रात्र आणि वर थोडं. ते एकमेकांकडं बघत. इतक्या लांब समुद्र असलेली माणसं जगतात कशी, असं काहीसं त्यांच्या तोंडावर असे.

सगळं गोड नव्हतं. पहिल्याच सहामाहीत पालकांची तक्रार आली की सरांचे उच्चार बरोबर नाहीत. पोरांना दहावीत केंब्रिजची परीक्षा, तिच्यात ऐकण्याचा पेपर. ध्वनिफितीतला माणूस एक बोलतो आणि सर दुसरंच. हेडमास्तरांनी मला बोलावून सभ्यपणे सांगितलं. व्ही आणि डब्ल्यू मी एकच करत होतो, आणि झू, झिरो असं सगळीकडं जाड झ लावत होतो. कुणी गावात, विद्यापीठात, बी.एड.ला मला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाराही तेच करत होता. त्या रात्री मी खोलीत बसून खूप वेळ रडलो, हे आज लिहायला हरकत नाही. मग परीक्षेच्या जुन्या ध्वनिफिती मोबाईलवर घेतल्या आणि रोज रात्री समुद्राकडं तोंड करून एकेक वाक्य म्हणायला लागलो. बेटावरचे लोक म्हणायचे, इंडियन सर समुद्राशी भांडतात. तीनेक महिन्यांनी तक्रार बंद झाली. माझे उच्चार सुधारले की त्यांचे कान माझ्याकडं वळले, देव जाणे.

पाणी हा तिथला मोठा धडा. चहूकडं पाणी, प्यायला पावसाचं. प्रत्येक छपराला पन्हाळ आणि खाली टाकी. पाऊस लांबला की आमच्या मराठवाड्यासारखीच माणसं आभाळाकडं बघतात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मी सुट्टीला निघालो आणि मालेत अडकलो. ४ तारखेला तिथल्या पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि सगळ्या राजधानीचे नळ कोरडे. दुकानात बाटलीवरनं धक्काबुक्की. मग भारतानं हवाई दलाच्या विमानांतनं आणि नौदलाच्या जहाजानं पाणी पाठवलं. रांगेत माझ्या पुढं उभा असलेला माणूस मागं वळून म्हणाला, "थँक्यू, इंडिया." जसं काही मीच आणलं होतं. मी घरी फोन करून मोठ्या कौतुकानं सांगितलं. पलीकडं अण्णा जरा थांबले. "म्हंजे हितं गावात टँकर येईना, आन् तिकडं इमानानं पाणी पाटवलालेत व्हय?" मी काय बोलणार? दीड वर्षानं, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा बेटावरच्या पोरांनी टीव्हीवर बघून मला विचारलं, सर, तुमच्या घरी फेन आहे का?

पगार हिशेबानं तसा फार नव्हता. एका रुफियाचे चारेक रुपये, महिन्याला हाती चाळीसच्या आत-बाहेर. पण खर्च कुठं करणार? घरी पाठवायचे म्हणजे मात्र डॉलर लागायचे आणि तिथं डॉलरची कायम चणचण. स्टेट बँकेची मालेत शाखा आहे, तिथपर्यंत जायला बोट, बोटीला हवामान. कधीकधी तीन महिन्यांचे एकदम जायचे. त्याच पैशांतनं म्हैस परत आली, भिंत बांधली, दोन बोअर पाडले. त्यातला एक कोरडाच गेला. दोन एकराला कुणी हात लावला नाही. भाऊ पुन्हा बोलायला लागला होता, पण विक्रीचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मीही नाही.

लग्नाचं मात्र अवघड झालं. मुलीकडचे विचारत, मुलगा कुठं असतो? मालदीव. हॉटेलात का? नाही, शाळेत. मग गावात शाळा नाहीत का? शेवटी औशाकडच्या एका घरानं होकार दिला. त्यांचा जावई सौदीत होता म्हणून त्यांना समजलं. बायको दोन वर्षं माझ्याबरोबर बेटावर राहिली. भाकरीचं पीठ आम्ही सुट्टीहून येताना पाच-पाच किलो आणायचो.

डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, दोनशे मार्कांची. सुट्टीत येऊन तीही दिली. मग पवित्र पोर्टल, प्राधान्यक्रम, वाट बघणं. गुणवत्ता त्या दोनशे मार्कांवर. बाहेर देशी पाच वर्षं शिकवलं त्याला रकाना नव्हता. माझं नाव यादीत आलं नाही. राग आला का? आला. पण ज्यांचं नाव बिनपैशाचं लागलं त्यांच्याकडं बघून बरंही वाटलं. आमच्या वेळी ओसरीवर बॅटरी ठेवून जे गणित मांडावं लागलं ते त्यांना मांडावं लागलं नाही.

२०१९ च्या शेवटी करार संपला. अण्णांचे गुडघे गेले होते, पोरगी बालवाडीच्या वयाची झाली होती. आलो तो राहिलोच. पुढच्या मार्चात सगळंच बंद झालं. आता लोहाऱ्यात इंग्रजीचा क्लास घेतो आणि ते दोन एकर करतो. क्लासात व्ही आणि डब्ल्यूवर पहिला आठवडा जातो. पालक म्हणतात, सर, ग्रामर कधी घेणार?

यंदा थोरल्याचा मुलगा बी.एड. झाला आणि त्याला जायचंय. मी त्याला सांगायचं ते सांगितलं. अस्सल कागद एजंटाच्या हातात सोडायचे नाहीत. करार हातात आल्याशिवाय पैसा नाही, आणि सरकारी जाहिरात असेल तर मधे माणूस कशाला? पासपोर्ट स्वतःच्या पेटीत, कुणी मागितला तरी. अर्ज दहा देशांना कर, पण जिथं तुझा पासपोर्ट चालत नाही तिथं एक रात्रही वाया घालवू नको. आणि मुलाखतीत मोठं इंग्रजी बोलू नको, शिकवून दाखव.

परवा संध्याकाळी तो अंगणात पाठाची तयारी करत होता. पोरं कुणी नव्हती, म्हणून अण्णांना खाटेवर बसवून विद्यार्थी केलेलं. यानं तांब्या उचलला आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

अण्णा म्हणाले, "फेन."

"आबा, तसं न्हाई, इंग्रजीत सांगायचंय."

"मला तेवडंच येतंय," अण्णा म्हणाले. "आन् आण की हिकडं तो तांब्या. मगाधरनं हातात घिऊन हुबा हाय."